पोस्टमनकाकांचं व्हायोलिन

सोमवार, ६ एप्रिल

आले एकदाची! शेवटच्या चढावर बस इतकी धापा टाकत होती की वाटलं, आता उतरून ढकलावं लागणार. स्टँडवर दुकानाच्या मालकीणबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या, हातात माझ्या नावाची पाटी धरून. बसमधून उतरलो कोण, तर मी आणि कोंबडी घेतलेला एक म्हातारा. तरी पाटी उंच धरलेली. म्हणाल्या, "चुकून कोंबडीला घरी नेलं असतं तर?" पहिल्याच वाक्याला मी हसले. त्यांना मी काकू म्हणायचं आणि मालकांना काका, असं वाटेतच ठरलं.

दुकान लांबट आणि अरुंद आहे. पुढे काचेत दोरीला टांगलेली व्हायोलिनं, मागे खिडकीपाशी कामाचं टेबल. सरसाचं भांडं, वॉर्निशचा वास, लाकडाचा भुसा. माझी हत्यारं टांगायला काकांनी भिंतीवर आधीच खिळे ठोकून ठेवलेत. वरच्या मजल्यावर एका बाजूला ते दोघं, दुसऱ्या बाजूला माझी खोली. खोलीला खिडकी आहे, खिडकीखाली पाववाल्याचं दुकान, त्यामुळे सकाळी घड्याळाची गरज पडणार नाही असं काकू म्हणाल्या. पाववाल्याचा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो. माझ्यावर तर मनापासून भुंकला.

काकांचे हात अजून स्थिर आहेत, नजर चांगली आहे, पण कान गेलेत. कानात मशीन आहे, तेही बहुतेक वेळा बंद. काकू म्हणतात, मशीन बंद असतं म्हणूनच आमचा संसार टिकला. काकूंच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. हसतात तेव्हा हसण्याच्या शेवटी एक बारीकशी उचकी लागते, आणि त्या उचकीला त्या पुन्हा हसतात.

काकांनी मला त्यांचे कान म्हणून ठेवलंय. शहरातल्या मोठ्या दुकानात मी इतकी वर्षं पडद्यामागे काम केलं. वाद्य मी तपासायचं आणि गिऱ्हाइकाला मत सांगायला मालकांनी पुढे जायचं. इथे मत माझं, तोंडही माझं. आज हत्यारं टांगून झाल्यावर मी उगाचच गल्ल्यामागे उभी राहून पाहिलं. बरं वाटलं.

बुधवार, ८ एप्रिल

आज माझं पहिलं गिऱ्हाईक. निवृत्त पोस्टमन. सगळा गाव त्यांना पोस्टमनकाका म्हणतो. सतत गुणगुणत असतात, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. काकू म्हणाल्या, नोकरीत होते तेव्हा लोक गुणगुणणं ऐकूनच दार उघडत, घंटी वाजवायची वेळच यायची नाही.

काखेत चादरीत गुंडाळलेलं व्हायोलिन होतं. गावाबाहेरच्या एका बंद घराच्या सामानाचा लिलाव झाला, तिथे घेतलं. चादर उलगडताना एखाद्या बाळाची दुपटी उलगडावीत तशी बोटं चालली होती. मग आवाज खाली आणून म्हणाले की आत लेबल आहे, एका फार मोठ्या कारागिराचं. त्यांना त्यातलं कळत नाही, पण वाचलंय. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतःसाठी काहीतरी शिकावं म्हणतात. बोलताना लाजत होते.

मी तपासलं. खरं सांगायचं तर हातात घेताच कळलं होतं. कारखान्यातला माल, तोही सगळ्यात खालच्या दर्जाचा. कडेने बारीक काळी पट्टी कोरून बसवतात, इथे ती नुसती शाईने ओढलेली. पाठीच्या लाकडावरचे पट्टे रंगाने काढलेले. मानेवरचं काळं लाकूड म्हणजे डांबरासारखं काहीतरी फासलेलं पांढरं लाकूड. आत छोटा आरसा घातला, तर कोपऱ्यांना आधार देणारे ठोकळेच नाहीत. वरच्या पाटीखाली जी पट्टी वेगळी घडवून चिकटवायची, ती कोरतानाच ओबडधोबड शिल्लक ठेवलेली. तारा नव्हत्या. तुटलेल्या नव्हत्या, कोणीतरी सोडवून काढलेल्या होत्या. तेवढं मात्र विचित्र वाटलं.

त्यांना म्हटलं, तारा चढवून बघते, चार दिवसांनी या. ते दाराकडे गेले. मी काकूंना लेबल दाखवलं. त्यावर जे साल छापलंय त्या साली तो कारागीर मरून कितीतरी काळ लोटला होता. काकू म्हणाल्या, "मेल्यावर जास्त जोमाने कामाला लागले असतील." मी मोठ्याने हसले. अगदी डोकं मागे टाकून.

पोस्टमनकाका अजून दारातच होते. वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वर पाहिलं आणि तेही हसले, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मग गेले.

त्यांच्या त्या हसण्याने कानशिलं तापली माझी. शहरात मालक असंच हसायचे आणि मी पडद्यामागे दात आवळायचे.

गुरुवार, ९ एप्रिल

तारा चढवल्या. आतली बारीक काठी पडलेली होती, ती उभी केली. तारांखालची घोडी नवी कापून बसवली.

गज फिरवला तेव्हा अपेक्षेप्रमाणेच आवाज आला. अपेक्षेपेक्षाही वाईट, खरं तर. स्वस्तातलं व्हायोलिन नाकात बोलतं, याला नाकही नव्हतं. रिकाम्या डब्यावर दोरी ओढावी तसं. काहीच नाही आत. मी हट्टाने वाजवत राहिले, कधीकधी तारा बसायला वेळ लागतो.

पाववाल्याचा कुत्रा भुंकत दारात आला. मग बसला. कान टवकारून, मान तिरपी करून ऐकत राहिला. आणि थोड्या वेळाने खालच्या तारेत काहीतरी आलं. एक खरखरीत ऊब. मी गज थांबवून काठी हलली का ते पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. पुन्हा वाजवलं. ऊब होती.

इतकं हलकं लाकूड असं वाजूच शकत नाही. पण वाजत होतं. आनंदाने मला कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की कोणालाच सांगू नये.

सोमवार, १३ एप्रिल

हे लिहावं की नाही, बराच वेळ ठरत नव्हतं.

पोस्टमनकाका आले. मी त्यांना सगळे दोष दाखवले, एकेक करून, आरसा घालून. शाईची रेघ. रंगाचे पट्टे. सगळं खरं होतं. मग म्हटलं की हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, वर्षभरात फुटेल. हे खोटं होतं. त्यांच्या मानेवर खालून वर लाली चढत गेली. म्हणाले, "फसलो म्हणायचं. या वयात असले शौक म्हणजे…"

मग म्हणाले, एकदा वाजवून दाखवाल का, म्हणजे मनाची समजूत पटेल. मला नाही म्हणता आलं असतं. पण मी वाजवलं. मुद्दाम गज दाबून, घासून वाजवायचं ठरवलं होतं. पण ते टेबलाला टेकून इतक्या जवळ उभे राहून ऐकत होते, आणि मधल्या तारेत गोडवा यायला लागला. हाताला लगाम राहिला नाही. संपवलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, छान आहे की हो. मी म्हटलं, मोडकं लाकूड शेवटी शेवटी असंच वाजतं. असं काही नसतं.

माझ्याजवळ शिकाऊ मुलांसाठीचं एक बरं व्हायोलिन होतं. ते देते, हे सुट्या भागांसाठी मला ठेवू दे म्हटलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. चार वेळा. पाचव्यांदा मानले असते तर मी बहुतेक सगळं ओकले असते. पण नाही मानले. गेले. जाताना गुणगुणत नव्हते. माझ्यामुळे मन उतरलं असेल, असं वाटलं.

व्हायोलिन आता माझं आहे. पेटीत ठेवलं, झाकण लावलं, परत उघडलं.

गुरुवार, १६ एप्रिल

रोज दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाजवते. काकू स्टुलावर विणकाम घेऊन बसतात आणि, विश्वास बसणार नाही, गप्प बसून ऐकतात. आवाज दिवसेंदिवस भरत चाललाय. आज काकांनी वाजवताना पाठीवर तळहात ठेवला. त्यांना कानांनी नाही, हातांनीच ऐकू येतं. त्यांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाले की पोरीला नजर आहे. मी मान खाली घालून हसले. पोरगी म्हणायचं वय कधीच गेलं माझं, पण कोणी असं म्हटलं नव्हतं कधी.

व्हायोलिन कुठून आलं ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शहरातून आणलं होतं.

इथे व्हायोलिनवाल्या बाई म्हणून एक मोठ्या वादक राहतात. काका त्यांना सांगणार आहेत.

पाववाल्याचा कुत्रा हल्ली भुंकत नाही. पाववाला खुशीत आहे, म्हणतो अक्कल आली. पण आज मी खिडकीतून पाहिलं. सायकलवाला गेला तसा कुत्रा धावला, पुढचे पाय रोवले, मान झटकून झटकून तोंड उघडलं. भुंकत होता. नीट पाहिलं मी. आवाज येत नव्हता.

सोमवार, २० एप्रिल

काकूंचा घसा बसलाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालल्यात. डॉक्टर म्हणाले, सूज नाही, काही नाही, बोलणं कमी करा. त्यावर काकूंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की ते स्वतःच हसले.

दुपारी मी एकटीच वाजवत होते. खालच्या तारेवर गज हलका सोडला. आवाज उतरत उतरत गेला आणि शेवटी एक बारीकशी उचकी लागली.

मी गज खाली ठेवला.

पुन्हा उचलून तेच वाजवून पाहिलं. पुन्हा उचकी. मला ती ओळखीची आहे. पहिल्या दिवशी स्टँडवर ऐकलेली.

बुधवार, २२ एप्रिल

काकूंचा आवाज पूर्ण गेला. कुजबुजसुद्धा नाही. खुणा करतात, हसतात, खांदे हलतात, पण बाहेर काही येत नाही.

काकांनी कानातल्या मशीनमध्ये नवा सेल घातला. दिवसभर मशीन चालू ठेवून काकूंच्या समोर बसतात. काकूंचे ओठ हलले की मशीनचं चाक फिरवतात, काढून फुंकर मारतात, परत लावतात. मला म्हणाले, मशीन बिघडलंय बहुतेक, हिचं काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, त्यांचा घसा बसलाय ना. ते म्हणाले, हो हो, ते आहेच, पण मशीनही बघायला हवं. मी जिन्यात जाऊन बसले.

पोस्टमनकाका आले होते. मी दिलेल्या व्हायोलिनची खुंटी घट्ट झाली होती. गुणगुणणं ऐकू आलं नाही, एकदम समोरच दिसले. गळ्यापाशी हात नेऊन नकाराची खूण केली. वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: गळा धरलाय दहाएक दिवस. वाजवायला गळा लागत नाही हे बरं. आणि त्याखाली, तुम्हाला त्रास देतो, माफ करा.

माफी. माझी. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी खुंटी नीट करून दिली.

मधल्या तारेत ते आहेत. मला माहीत आहे.

शुक्रवार, २४ एप्रिल

लिलाव झाला त्या गोदामात गेले. सामान उचलायला होता तो हमाल भेटला. सांगत होता, त्या घरात म्हातारे भाऊबहीण राहायचे. कितीतरी वर्षं दोघं हातवारे करूनच बोलायचे. लोक म्हणत, भांडण झालंय. पण भांडणाऱ्यांची ताटं एकत्र नसतात, यांची असायची. कोणी दाराशी आलं तरी आत यायचं नाही म्हणून खूण करायचे. व्हायोलिन माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. तारा काढलेल्या, वर गादी ठेवून पट्ट्याने करकचून बांधलेलं. हमाल हसून म्हणाला, चोर घरात बांधून ठेवावा तसं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि मी तारा चढवल्या.

ऐकणाऱ्याचं घेतं. वाजवणाऱ्याचं नाही घेत, माझा आवाज शाबूत आहे. काका तेव्हा मशीन बंद ठेवायचे म्हणून तेही वाचले. स्वतःचा आवाज नव्हताच त्याला. पहिल्या दिवशी मी ऐकला होता तो रिकामा डबा, तेच त्याचं खरं.

शनिवार, २५ एप्रिल

आज दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या, आणि वाजवलं.

कोणी ऐकत नव्हतं. कोणाचं काही गेलं नाही. असं मी मला सांगते आहे.

काकू, पोस्टमनकाका, त्या घरातले दोघं. सगळे होते आत. इतकं सुंदर मी आयुष्यात काही वाजवलेलं नाही. थांबले नाही मी. दुपार सरली तरी थांबले नाही. ज्यांचे आवाज, ती माणसं भिंतीपलीकडे मुकी बसलेली, आणि मी डोळे मिटून —

वर गेले तेव्हा काकूंनी माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

सोमवार, २७ एप्रिल

आज जाळायचं ठरवलं. सरस तापवायची शेगडी पेटवली. तारा सोडवायला पहिल्या खुंटीला हात घातला, आणि काका व्हायोलिनवाल्या बाईंना घेऊन आले.

बाईंनी टेबलावरून ते उचललं. विचारलंसुद्धा नाही. मी थांबवू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही शोधलंत म्हणे हे?" आणि माझं तोंड मिटलं.

त्यांनी वाजवलं. मी पहिल्यांदा नुसती ऐकत उभी होते. काका माझ्या शेजारी होते. मशीन चालू. काकूंसाठी चालू ठेवलेलं. मला आठवलं तेव्हा संपत आलं होतं.

बाईंनी लेबल पाहिलं. मी म्हटलं, लेबल खोटं आहे, पण काम हाताचं आहे, थोर हात आहे. शाईची रेघ त्यांना दिसू नये म्हणून कडेला बोट ठेवून बोलले. त्या म्हणाल्या, अशी नजर लाखात एकाला असते. रविवारी नगरमंदिराच्या सभागृहात कार्यक्रम आहे, शाळेच्या गाणाऱ्या मुलांबरोबर. तेवढ्यापुरतं नेऊ का म्हणाल्या.

मी न्या म्हटलं. पेटीत मऊ कापडही घालून दिलं.

मंगळवार, २८ एप्रिल

सकाळी काकूंना हाक मारायला गेले, माझा आवाज नाही.

काकांचाही नाही. तिघं जेवायला बसलो. चमच्यांचे आवाज फक्त. काकांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि काकूंचा हात धरला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, काळजीने. माझी काळजी.

बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला. मी पूर्ण जोर लावला, गळ्याच्या शिरा दुखेपर्यंत. त्या हॅलो हॅलो म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, चेष्टा करायला दुसरं घर बघा. ठेवला.

गुरुवार, ३० एप्रिल

चिठ्ठी लिहिली, पाववाल्याच्या हाती पाठवली. पहिल्यांदा खरं लिहायला बसले. पहिलीच ओळ अशी येत होती: हे व्हायोलिन मी एका भोळ्या माणसाला फसवून घेतलं. ती ओळ पुढे सरकेना. फाडली. लिहिलं, वरच्या पाटीला तडा सापडलाय, वाजवू नका, परत पाठवा.

तेवढंच. भित्री मी. भित्री आणि लबाड.

शुक्रवार, १ मे

बाई स्वतः आल्या. रागात. म्हणाल्या, दिव्याखाली धरून पाहिलं, तडा नाही. दुसरं कोणी पैसे देतंय का, सरळ सांगा. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मग जरा निवळल्या. म्हणाल्या, घरी सराव करते तर शेजारची तान्ही मुलगी रडायची थांबते, तिची आई दुवा देते.

तान्ही मुलगी.

माझ्यासमोर लिहून बोलायची पाटी होती, हातात पेन्सिल होती. सगळं लिहिता आलं असतं. पण पोस्टमनकाका तिथेच स्टुलावर बसले होते, मांडीवर मी दिलेलं व्हायोलिन घेऊन. मी लिहिलेलं त्यांनीही वाचलं असतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे बोट दाखवलं, आणि छातीवर हात ठेवून मान हलवली. चांगली बाई आहे, असं सांगत होते. माझी बाजू घेत होते.

मी पेन्सिल खाली ठेवली. बाई गेल्या.

शनिवार, २ मे

बाईंच्या घरी गेले. यावेळी सगळं लिहून नेलं होतं. दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं — नाही, सांगितलं नाही. हातांनी दाखवलं. परगावी. उद्या थेट कार्यक्रमाला.

तिच्या कडेवर मुलगी. लालबुंद चेहरा, मुठी आवळलेल्या, डोळ्यांतून धारा. तोंड एवढं उघडलेलं. काही नाही. काही ऐकू येत नाही.

मी नजरेने विचारलं, कधी? तिने चुटकी वाजवली. रडता रडताच. मध्येच.

म्हणजे आता त्याला रात्र पण लागत नाही.

चिठ्ठी दारातून आत सरकवली. वाचायला कोण येणार आहे आज —

रविवार, ३ मे

नगरमंदिराच्या दारात. मागच्या दाराने सोडत नाहीत, पुढे दारवान. मुलं आत गेली. पांढरे शर्ट. एकमेकांना ढकलत, खिदळत. किती आवाज —

दारवानदादा, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मला बोलता येत नाही. मी दारू प्यायलेली नाही. तिकीट नाही माझ्याकडे. ते पान सोडा, हे वाचा.

आत ज्या बाई वाजवणार आहेत त्यांच्याजवळचं व्हायोलिन माझं नाही. पोस्टमनकाकांचं आहे. तुम्ही ओळखता त्यांना. मी त्यांना खोटं सांगून घेतलं. फालतू आहे, फुटेल म्हटलं. मग बाईंना खोटं सांगितलं, थोर आहे म्हटलं. ते ऐकणाऱ्याचा आवाज घेतं. पोस्टमनकाकांचा घेतला. दुकानातल्या काकूंचा. काकांचा. माझा. मला माहीत असून मी दिलं. कौतुक केलं म्हणून दिलं. मला पोलिसात द्या, गावभर सांगा, पण आधी आत जाऊन —

तुम्ही बोट ठेवून वाचताय. मोठ्याने. जरा भरभर वाचा.

हो. खरं. मुलांची शपथ, खरं.

हसू नका. पोस्टमनकाका गुणगुणतात का हल्ली? आठवा.

आठवलं ना.

जा. पडदा पाडा, दिवे घालवा, काहीही करा. नाही, थांबा, आधी कानात बोळे घाला, माझा रुमाल घ्या, फाडून —

सुरू झालं. एवढ्यात —

दादा, दार उघडू नका! दार

तुम्ही ओरडताय. हात वर करून. ओरडताय ना? मला फक्त ते व्हायोलिन ऐकू येतंय. किती मोठं झालंय. तुम्ही गळ्याला हात का लावलात —

दार उघडंच आहे. गाण्याचे सर मुलांना खूण करताहेत. मुलांनी श्वास घेतला. सगळ्यांनी एकदम तोंडं उघडली आणि